पोराची बॅट ‘इल्लीगल’ निघाली तर? अमेरिकेतल्या हायस्कूल बेसबॉलच्या बॅटीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला, हायस्कूलच्या ट्रायआउट, म्हणजे टीमच्या निवडचाचण्या, जवळ आल्या, की इथल्या मराठी आईबाबांचे मला फोन सुरू होतात. मी कोच नाही, अंपायर तर अजिबात नाही, चार सीझन मुलाच्या टीमचं स्कोअरबुक लिहितोय एवढीच माझी पात्रता, आणि हो, एकदा मीच दिलेल्या बॅटीमुळे पोरगा आऊट झाला तो अनुभव पण आहे, ते खाली येईलच. आपण सगळे क्रिकेटवर वाढलेलो, बॅट म्हणजे हँडल धरून दोनदा जमिनीवर आपटायची, आवाज चांगला आला की घ्यायची, इथे मात्र बॅट आधी वाचावी लागते.

इल्लीगल बॅट म्हणजे नक्की काय? आत काहीतरी भरून चीटिंग करतात ती का?

ती पण. पण तसली बॅट मी चार वर्षांत एकदाही बघितली नाही. प्रत्यक्षात जी पकडली जाते ती बिचारी साधीसुधी बॅट असते, चुकीच्या शिक्क्याची, चुकीच्या वजनाची, नाहीतर काकाच्या गॅरेजमधून आलेली जुनी. हायस्कूल बेसबॉलचे नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स नावाची संस्था छापते, सगळे एनएफएचएस म्हणतात, आणि राज्यांच्या संघटना ते वापरतात, वर स्वतःचं थोडं मीठमसाला घालतात. त्यात पहिल्याच नियमात बॅट कशी असावी ते दिलंय, आणि त्यात न बसणारी किंवा कंपनीनं बनवल्यानंतर कुणी बदललेली बॅट म्हणजे इल्लीगल. तुमचा हेतू काय होता हे कुणी विचारत नाही. हे एक वाक्य नीट लक्षात ठेवा कारण बाकीचे अर्धे प्रश्न त्यातच मिटतात.

बीबीकॉर बीबीकॉर जे सगळे म्हणतात ते काय आहे?

बॅटीची टेस्ट. लॅबमध्ये बॅट पकडून ठेवतात, एअर कॅननमधून तिच्यावर बॉल मारतात आणि तो किती वेगानं परत येतो ते मोजतात. आकडा ०.५० च्या वर जाता कामा नये. सोप्या भाषेत, बॉल आणि बॅट एकमेकांकडे ज्या वेगानं आले त्याच्या निम्म्याहून जास्त वेगानं ते एकमेकांपासून लांब जायला नकोत. लाकडाची चांगली बॅट साधारण याच आकड्याच्या आसपास असते, म्हणजे मेटलची बॅट लाकडासारखी वागावी हा सगळा खटाटोप.

१ जानेवारी २०१२ पासून हायस्कूलमध्ये लाकडाची सोडून प्रत्येक बॅटीला हा शिक्का कंपल्सरी आहे. शिक्का बॅरलवर, म्हणजे बॅटीच्या वरच्या जाड भागावर असतो, चौकोनात बीबीकॉर आणि .५० लिहिलेलं, बॅटीच्या रंगावर उठून दिसेल अशा रंगात, आणि तो कायमचा छापलेला पाहिजे, चिकटवलेला स्टिकर नाही. दुकानात गेलात की बॅट हातात घेऊन पहिले तो शोधा, बाकी ग्राफिक्स, ड्रॅगन, वीजबीज नंतर बघा.

ड्रॉप थ्री, मायनस थ्री म्हणजे?

लांबी इंचात, वजन औंसात, पहिल्यातून दुसरं वजा करा. उत्तर ३ पेक्षा जास्त आलं तर बॅट हायस्कूलला चालत नाही. ३३ इंचांची बॅट कमीत कमी ३० औंसांची पाहिजे, ३२ ची २९. जड असली तर हरकत नाही, हलकी नको. शिवाय लांबी ३६ इंचांच्या आत, आणि मेटल किंवा कॉम्पोझिट (कार्बनसारखे धागे चिकटवून केलेल्या) बॅटीचं बॅरल जास्तीत जास्त २ ५/८ इंच जाड, लाकडाचं पावणेतीन इंचांपर्यंत चालतं. बीबीकॉरच्या बॅटी ड्रॉप थ्रीच्याच मिळतात म्हणून शिक्का बरोबर असला की हे गणित आपोआप जमतं. आकडे बॅटीवर लिहिलेले असतात, ३२/२९ असे.

आठवीपर्यंत ज्या बॅटीनं खेळला तीच नववीत चालेल ना? चांगली साडेतीनशे डॉलरची आहे हो.

नाही चालणार. आणि हाच तो खड्डा ज्यात मी पडलो.

लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये दोन वेगळे शिक्के चालतात. लिटल लीगवाल्यांकडे २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का. आणि ट्रॅव्हल बॉल, म्हणजे गावोगाव टूर्नामेंट करत फिरणाऱ्या क्लब टीममधून खेळणाऱ्या पोरांकडे यूएसएसएसए नावाचा, त्याच्यावर अंगठ्याच्या ठशासारखं चित्र असतं आणि १.१५ बीपीएफ लिहिलेलं असतं. त्या बॅटी ड्रॉप टेन, ड्रॉप एट, ड्रॉप फाइव्ह अशा हलक्या, बॉल त्यांच्यावरून टणाटण उडतो, पोरांना फार आवडतात. हायस्कूलला दोन्हीपैकी एकही शिक्का उपयोगाचा नाही, कितीही महाग असली तरी.

तर झालं असं, मुलगा फ्रेशमन म्हणजे नववीत, जेव्हीची म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या टीमची मॅच, मार्चमधली ती घाणेरडी थंडी, मी बाकावर ब्लँकेट गुंडाळून स्कोअरबुक मांडीवर. आदल्या आठवड्यात त्याच्या बॅटीला चीर गेली होती आणि एका ओळखीच्यांनी त्यांच्या मुलाची ‘जवळजवळ नवी’ बॅट आम्हाला दिली होती, मी थँक्यू म्हणून सरळ बॅगेत टाकली, वाचली नाही. पहिल्या बेसवर आमचा रनर, पोरानं लेफ्ट सेंटरला असा काही डबल मारला की मी ब्लँकेट टाकून उभा राहिलो. रनर तिसऱ्यावर, हा दुसऱ्यावर, टाळ्या. आणि समोरच्या टीमचा कोच शांतपणे चालत होम प्लेटपाशी आला, अंपायरच्या कानात काहीतरी बोलला. अंपायरनं जमिनीवर पडलेली बॅट उचलली, हातात गोल फिरवली, अंगठा त्या अंगठ्याच्या चित्रावर नेमका थांबला. फिरवून हँडलकडचे आकडे वाचले. ३१/२६. ड्रॉप फाइव्ह. पोरगा आऊट, रनर परत पहिल्यावर, आणि आमचा कोच जो थर्ड बेसला उभा राहून खुणा करत होता त्याला उरलेली मॅच डगआउटमध्ये बसावं लागलं, असिस्टंट कोच गडबडीनं त्याच्या जागी गेला. मी पेन्सिलनं लिहिलेला डबल खोडला. गाडीत घरी येताना पोरगा एकच वाक्य बोलला, “बाबा, तू इंजिनिअर आहेस ना?”

म्हणजे पकडली गेली तर नेमकी शिक्षा काय?

कधी पकडली त्यावर आहे.

बॅटर बॅट घेऊन बॅटर्स बॉक्समध्ये शिरला आणि तेव्हाच लक्षात आलं तर तो तिथेच आऊट, एकही पिच, म्हणजे पिचरनं टाकलेला बॉल, न खेळता. बॉल मारून झाल्यावर लक्षात आलं पण पुढच्या बॅटरला अजून पिच पडलेली नाही, तर समोरच्या टीमला, म्हणजे फील्डिंगवाल्यांना, चॉइस मिळतो. एक तर पेनल्टी घ्या, म्हणजे बॅटर आऊट, रनर्स पिचच्या वेळी जिथे होते तिथे परत, बॅट मॅचमधून बाहेर. नाहीतर पेनल्टी सोडा आणि जे झालं ते तसंच ठेवा.

पेनल्टी कोण सोडेल? फुकटची आऊट आहे की.

मला पण हाच प्रश्न पडला होता. समजा पहिल्या बेसवर रनर आहे आणि बॅटरनं इल्लीगल बॅटीनं शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर मारला, त्यांनी डबल प्ले केला, दोन आऊट. आता पेनल्टी घेतली तर बॅटर आऊट आणि रनर परत पहिल्या बेसवर, म्हणजे हातातल्या दोन आऊटची एक होणार. शहाणा कोच म्हणतो राहू द्या, दोन आऊट बऱ्या. पण रन स्कोअर झाला असेल, होमरन गेला असेल, तर अर्थातच पेनल्टी.

पुढची पिच पडली आणि मग कळलं तर?

सुटलात. मागची शिक्षा होत नाही, डबल असेल तर डबल, होमरन असेल तर होमरन. बॅट मात्र जाते. म्हणूनच अनुभवी कोच होमरन झाल्यावर तोंड पाडून बसत नाहीत, आधी जमिनीवरची बॅट बघतात. यात काही खडूसपणा नाही, नियम त्यांना तेवढाच वेळ देतो, आणि सगळा खेळ त्या मधल्या तीस-चाळीस सेकंदांत असतो.

कोचनं काय केलं बिचाऱ्यानं? त्याला का शिक्षा?

कारण मॅचच्या आधी होम प्लेटपाशी जी मीटिंग होते त्यात अंपायर हेड कोचला विचारतो की तुमचे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे इक्विप्ड आहेत का आणि कोच हो म्हणतो. ते ‘हो’ औपचारिक वाटतं, लग्नात गुरुजी विचारतात आणि आपण मान हलवतो तसं, पण त्याची जबाबदारी खरी आहे. पहिल्यांदा इल्लीगल बॅट सापडली तर हेड कोच उरलेली मॅच डगआउटमध्ये. दुसऱ्यांदा सापडली तर हेड कोचला थेट मॅचबाहेर काढतात, आणि त्याच्या जागी जो हेड कोच म्हणून उभा राहिला त्याची पण तिसऱ्या वेळी तीच गत. मुलाला मात्र नुसत्या चुकीच्या शिक्क्यासाठी बाहेर काढत नाहीत, तो आऊट होतो आणि पुढच्या वेळी बरोबर बॅट घेऊन खेळतो.

म्हणून सांगतो, तुमच्या कोचनं सीझनच्या सुरुवातीला सगळ्या बॅगा उघडायला लावल्या तर “आमच्यावर विश्वास नाही का” असं म्हणू नका. एका आईला असं बोलताना मी ऐकलंय.

इल्लीगल बॅट नुसती डगआउटमध्ये पडलेली असेल, किंवा पोरगा ऑन-डेक सर्कलमध्ये, म्हणजे पुढचा बॅटर जिथे थांबतो तिथे, ती फिरवत असेल तर?

आऊट नाही. बॅटर्स बॉक्समध्ये पाय पडल्याशिवाय आऊट होत नाही. अंपायर सांगेल की ही काढून टाका, आणि तुम्ही निमूटपणे काढून टाका. खरं तर अंपायरनं ऑन-डेकला बघून बॅट काढायला लावली तर त्यानं तुमच्यावर उपकार केलेत असं समजा.

लाकडाची बॅट चालते का? तिला पण शिक्का लागतो?

एका अखंड लाकडाची बॅट चालते, शिक्का लागत नाही. मॅपल, अ‍ॅश, बर्च, काहीही. पण बांबूची बॅट, किंवा लाकडाचे तुकडे चिकटवून केलेली, किंवा लाकडाला बाहेरून कॉम्पोझिट लावलेली, यांना बीबीकॉरचा शिक्का लागतो. बांबूवर खूप जण फसतात, दिसायला लाकूड, हातात लाकूड, स्वस्त पण असते, आणि शिक्का नसला की बाद. शिक्क्यावाल्या बांबूच्या बॅटी मिळतात, तपासून घ्या.

रोलिंग आणि शेव्हिंग काय प्रकार आहे? शेजारचा म्हणे साठ डॉलरमध्ये ‘ब्रेक इन’ करून देतो.

नको म्हणा त्याला. रोलिंग म्हणजे कॉम्पोझिट बॅट दोन रोलर्समध्ये दाबून फिरवायची, म्हणजे आतले धागे सैल होतात आणि बॅरल जास्त लवचीक होतं. शेव्हिंग याहून वाईट, बॅटीचं टोपण म्हणजे एंड कॅप काढून आतून भिंत घासून पातळ करतात. दोन्ही केल्यावर बाहेरून बॅट तीच दिसते, शिक्का पण तोच, पण आता शिक्क्याला अर्थ नाही. नियमात स्पष्ट आहे, कंपनीच्या मूळ डिझाइनमध्ये बदल केलेली बॅट इल्लीगल, आत बाहेरची कुठलीही वस्तू घालणं इल्लीगल. आणि वॉरंटी गेलीच.

इथे मात्र मला राग येतो. चुकीचा शिक्का ही चूक असते, हे मुद्दाम केलेलं असतं, आणि बहुतेक वेळा मुलानं नाही, बापानं.

थंडीत बॅटीला चीर जाते म्हणून बॅट गरम ठेवली तर? हीटेड बॅग मिळते ना.

कॉम्पोझिट बॅटी थंडीत फुटतात हे खरं आहे, पण नियम म्हणतो कृत्रिम उपायानं बॅटीचं तापमान बदलायचं नाही. गरम पण नाही आणि थंड पण नाही. तेव्हा बॅट वॉर्मर, हीटर, कारच्या बॉनेटवर ठेवणं वगैरे सगळं विसरा. थंडीच्या मॅचला अ‍ॅल्युमिनियमची किंवा लाकडाची बॅट न्या, हा सरळ उपाय.

मॅच चालू असताना बॅटीला चीर गेली, डेंट पडला, तर आऊट देतात का?

नाही नाही. फुटलेली, चिरलेली, डेंट पडलेली, बॉल फाडणारी बॅट नुसती बाजूला काढतात, पेनल्टी नाही. सारखा बॉलला रंग लागत असेल तर अंपायरला वाटलं तर ती पण काढायला सांगू शकतो. फक्त एवढंच, अंपायरनं काढायला सांगितलेली बॅट पुढच्या इनिंगला गुपचूप परत आणू नका.

ग्रिप, टेप, पाइन टार यांचं काय?

मेटल किंवा कॉम्पोझिट बॅटीला ग्रिप पाहिजेच, नॉबपासून, म्हणजे हँडलच्या टोकाच्या गोळ्यापासून, कमीत कमी १० इंच, जास्तीत जास्त १८ इंच. गुळगुळीत, सरकणारी टेप चालत नाही. पाइन टार म्हणजे पाइनच्या झाडाचं चिकट डांबर, किंवा पकड चांगली होण्यासाठीचं तसलं काही लावायचं तर ग्रिपवरच, वर बॅरलकडे चढू द्यायचं नाही.

हा १८ इंचांचा आकडा मोठ्यांच्या बेसबॉलमध्येही आहे आणि त्यावरून झालेलं महाभारत प्रसिद्ध आहे. २४ जुलै १९८३, न्यू यॉर्कचं यँकी स्टेडियम, कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटनं नवव्या इनिंगला होमरन मारून टीमला पुढे नेलं, यँकीजच्या मॅनेजरनं बॅट तपासायला लावली, अंपायरांनी बॅट होम प्लेटला लावून मोजली, पाइन टार १८ इंचांच्या वर गेलेलं, ब्रेट आऊट, मॅच संपली. ब्रेट डगआउटमधून असा काही धावत आला की त्याला धरायला चारपाच माणसं लागली. पुढे लीगच्या प्रेसिडेंटनी निर्णय फिरवला, होमरन मान्य केला आणि १८ ऑगस्टला उरलेली मॅच खेळवली, रॉयल्स ५-४ नं जिंकले. पण तुमच्या जेव्ही मॅचमध्ये कुणी लीगचा प्रेसिडेंट येणार नाहीये, तेव्हा मोजपट्टी लावून इंच मोजा.

नॉबवर ते रबराचं गोल चढवतात ते चालतं?

चालतं, पण ते लावल्यामुळे नॉब आणि हँडल एका पातळीत येता कामा नये, नॉब हाताला बाहेर आलेला लागला पाहिजे, नाहीतर स्विंग करताना बॅट हातातून सुटून बाकावर बसलेल्या माझ्यासारख्याच्या दिशेनं येईल.

शिक्का घासून पुसलाय, पण बॅट खरंच बीबीकॉरची आहे, माझ्याकडे बिल आहे.

बिल घरी फ्रेम करून ठेवा. अंपायरला शिक्का दिसला नाही तर तो बॅट चालवून घेणार नाही, आणि मोबाईलवर कंपनीची साइट उघडून दाखवणं वगैरे मी बघितलंय, उपयोग होत नाही. बॅटीला कस्टम रंग देऊन घेणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्या.

एवढा सगळा उपद्व्याप कशासाठी? मुलं खेळतायत, बॉल लांब गेला तर गेला.

पिचरसाठी. पिचर प्लेटपासून साडेसाठ फुटांवर उभा असतो, बॉल टाकून झाल्यावर त्याचं पाऊल पुढे पडतं म्हणजे धरा ५५ फूट. बॉल ताशी १०० मैलांनी सरळ परत आला तर त्याच्यापर्यंत पोचायला ०.४ सेकंद पण लागत नाही, आणि त्या क्षणी त्याचा तोल पुढे गेलेला, ग्लोव्ह खाली. डोळे मिचकावून परत उघडेपर्यंत झालं.

लाकडाच्या भरीव बॅटीवर बॉल आदळला की बॉल चपटा होतो आणि त्यात बरीच ताकद वाया जाते. पोकळ मेटलचं बॅरल मात्र स्वतः थोडं दबतं आणि स्प्रिंगसारखं परत येतं, त्यामुळे ताकद बॉलला परत मिळते, इथे त्याला ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे. आधी बीईएसआर नावाची टेस्ट होती, बॉल बॅटीवरून किती वेगानं निघतो ते बघणारी. भानगड अशी की कॉम्पोझिट बॅटी नव्या असताना टेस्ट पास करायच्या आणि वापरून वापरून मुरल्या की आणखी उडवायला लागायच्या, लोणच्यासारख्या. कॉलेजवाल्यांनी २००९ मध्ये कॉम्पोझिटवर बंदी आणली, हायस्कूलनं २०१० मध्ये आणली, आणि मग बॅट मुद्दाम मुरवून मोजणारी पद्धत आली, पाठोपाठ बीबीकॉर, कॉलेजला २०११, हायस्कूलला २०१२. आता शिक्का असेल तर कॉम्पोझिट परत चालते.

आणि मागे माणसं आहेत. मोंटानात २००३ मध्ये १८ वर्षांचा एक पिचर अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटीवरून आलेला बॉल डोक्याला लागून वारला, घरच्यांनी बॅट कंपनीवर केस केली आणि २००९ मध्ये ज्युरीनं साडेआठ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली, कारण हे की कंपनीनं धोक्याची पुरेशी सूचना दिली नव्हती. २०१० च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत एका हायस्कूल पिचरच्या डोक्याला बॉल लागला, तो कोमात गेला, नशिबानं पुढे बरा झाला. पोराचा डबल खोडताना मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. नंतर एकदा मुलानं स्वतः पिचिंग सुरू केलं आणि मी बाकावर बसून समोरच्या प्रत्येक बॅटीवरचा शिक्का लांबून दिसतोय का ते बघायला लागलो.

शिक्का आहे तरी बॅट बाद होऊ शकते का?

होऊ शकते. कधीकधी एखादं मॉडेल नंतरच्या टेस्टमध्ये मर्यादेपेक्षा जास्त उडवणारं निघतं आणि त्याचं सर्टिफिकेट काढून घेतात, आणि बऱ्याचदा सगळं मॉडेल नाही, एकच साइज. लहान मुलांच्या बॅटीत हे २०१८ मध्ये गाजलं होतं, ईस्टन घोस्ट एक्सची ३० इंच २० औंसवाली बॅट यूएसए बेसबॉलनं यादीतून काढली, तेवढीच साइज. बीबीकॉरच्या चालणाऱ्या आणि काढून टाकलेल्या बॅटींची यादी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीची पुलमन गावातली स्पोर्ट्स सायन्स लॅब ठेवते. सेकंडहँड बॅट घेण्याआधी एकदा बघा, कारण बाद झालेल्या बॅटी कुठे जातात असं वाटतं तुम्हाला? सेकंडहँड बाजारात.

आम्ही न्यू यॉर्क सिटीत राहतो, तिथे म्हणे वेगळं आहे?

हो, सिटी कौन्सिलनं २००७ मध्ये हायस्कूलच्या मॅचमध्ये मेटलच्या बॅटीवर बंदी घातली, मेयर ब्लूमबर्ग यांनी व्हेटो केला होता तो पण फिरवून. तिथे लाकूड. दुसऱ्या राज्यात, शहरात बदली होऊन गेलात तर तिथल्या कोचला विचारा, सगळीकडे सारखंच असं धरून चालू नका.

आमचे सासरे विचारतात क्रिकेटमध्ये असलं काही नाही ना?

आहे की. सासऱ्यांना १९७९ ची पर्थची टेस्ट आठवत असेल, डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन आला, इंग्लंडचा कॅप्टन माइक ब्रिअर्लीनं तक्रार केली, लिलीनं बॅट भिरकावून दिली. त्यानंतर नियमात लाकूड पक्कं झालं. २०१७ पासून बॅटीची रुंदी १०८ मिलिमीटर, जाडी ६७ आणि कडा ४० हे पण ठरलेलं आहे, आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये अंपायर मैदानावरच गेजमधून बॅट घालून बघत होते ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. फरक एवढाच की तिथे गेजमधून गेली नाही तर दुसरी बॅट आणतात आणि खेळ पुढे सुरू, इथे पोरगा आऊट.

अंपायर चुकत असेल तर वाद घालायचा का?

तुम्ही नाही. कोच बोलेल, तो पण शांतपणे. बाकावरून ओरडणाऱ्या पालकाला ग्राउंडबाहेर काढलेलं मी बघितलंय आणि त्यांच्या पोराचा चेहरा पण.

मग बॅट घेताना नेमकं काय बघू? एका दमात सांगा.

बॅरलवर बीबीकॉर .५० चा चौकोन, आकडे ड्रॉप थ्री, पुलमनच्या चालणाऱ्या बॅटींच्या यादीत नाव, टोपण ढिलं किंवा परत चिकटवल्यासारखं नाही, बॅरलवर हात फिरवून चीर लागत नाही, आणि फारच स्वस्तात नवी मिळत असेल तर दुकानदाराकडे दोनदा बघा कारण नकली पण असतात. साडेचारशे डॉलरची घ्यायची गरज नाही, अ‍ॅल्युमिनियमची साधी बॅट अर्ध्याहून कमी किमतीत येते आणि नववीतल्या पोराला पुरते. आणि मित्रानं फुकट दिलेली असेल तर दुप्पट तपासा, हे माझं वैयक्तिक मत.

जुन्या ड्रॉप फाइव्हचं काय करू, टाकून द्यायची का?

धाकटा असेल तर त्याला ठेवा, त्याच्या लीगला तो शिक्का चालतो का बघून. आमच्याकडे धाकटा नाही. ती बॅट अजून गॅरेजमध्ये आहे, उन्हाळ्यात नाशिकहून माझे बाबा आले की बॅकयार्डमध्ये टेनिस बॉलवर क्रिकेट होतं, स्टंप म्हणून रिसायकलिंगचा डबा, आणि बॅट म्हणून तीच. बाबा दर वेळी ती उचलतात, गोल फिरवतात, अंगठा त्या ठशावर ठेवतात आणि नातवाला विचारतात, “ही चालते ना रे?”